सॉल्व्हंटच्या टाकीपासून कंट्रोल रूमपर्यंत: फील्डबस आणि स्फोटसंरक्षणातले शब्द, कामाच्या क्रमाने

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकई, डिचोली किंवा कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट विभागात नव्याने रुजू झालं की दोन शब्दसंग्रह एकदम अंगावर येतात. एक तारेतून जाणाऱ्या माहितीचा, म्हणजे फील्डबसचा: सेगमेंट, ट्रंक, स्पर, टर्मिनेटर, मॅक्रोसायकल. दुसरा स्फोट टाळण्याचा: झोन, गॅस ग्रुप, टी क्लास, एफएलपी, आयएस. दोन्हींचं प्रशिक्षण वेगवेगळं होतं, पण साइटवर दोन्ही एकाच जंक्शन बॉक्समध्ये येऊन मिळतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

दोन्हींना जोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ऊर्जा. उपकरणं चालवायला आणि त्यांच्याशी बोलायला तारेत ऊर्जा लागते. ज्वालाग्राही वाफेच्या शेजारी मात्र तारेत ऊर्जा जितकी कमी तितकं बरं. या ओढाताणीतून तडजोडी निघाल्या आणि त्या तडजोडींना नावं मिळाली. म्हणून इथे शब्द अक्षरक्रमाने न घेता काम ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने घेतो.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो. गोळ्यांना फिल्म कोटिंग करणारा औषध कारखाना, त्याची आयसोप्रोपिल अल्कोहोलची, म्हणजे आयपीएची साठवण टाकी आणि ३०० मीटरवरची कंट्रोल रूम.

पायरी पहिली: पदार्थ ओळखा

कॅटलॉग उघडण्याआधी पदार्थाची सुरक्षा माहितीपत्रिका उघडा. तिच्यातले चार आकडे तुमच्या कामाचे आहेत.

पहिला फ्लॅश पॉइंट. द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ ज्या किमान तापमानाला जमते ते तापमान. आयपीएचा फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे. गोव्यात जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा इतका खाली जात नाही. म्हणजे आपल्याकडे आयपीएच्या उघड्या पृष्ठभागावर वर्षभर पेटण्याजोगी वाफ असतेच. थंड देशातल्या उदाहरणांवर बेतलेलं प्रशिक्षण साहित्य वाचताना हा फरक मनात ठेवा.

दुसरा एलईएल, म्हणजे हवेत किमान किती टक्के वाफ मिसळली की मिश्रण पेटू शकतं. आयपीएसाठी हा आकडा सुमारे २ टक्के आहे. गॅस डिटेक्टर या मर्यादेचा किती भाग गाठला ते दाखवतो. डिटेक्टरवर '२०' दिसलं तर हवेत २० टक्के वाफ आहे असं नव्हे. एलईएलच्या २० टक्के, म्हणजे हवेच्या सुमारे ०.४ टक्के वाफ आहे. नव्या माणसाकडून हे हमखास उलटं वाचलं जातं.

तिसरा स्वयंप्रज्वलन तापमान. ठिणगी नसतानाही, नुसत्या तापलेल्या पृष्ठभागामुळे वाफ ज्या तापमानाला पेटते ते. यावरून टी क्लास ठरतो. उपकरणाच्या पृष्ठभागाचं कमाल तापमान टी१ मध्ये ४५० अंश, टी२ मध्ये ३००, टी३ मध्ये २००, टी४ मध्ये १३५, टी५ मध्ये १०० आणि टी६ मध्ये ८५ अंश. आयपीए सुमारे ४०० अंशांना आपोआप पेटतं, म्हणून टी२ पुरेसा आहे. बाजारातले बहुतेक ट्रान्समीटर टी४ किंवा त्याहून कडक असतात, ते इथे चालतात.

चौथा गॅस ग्रुप. कारखान्यातले वायू टू-ए, टू-बी आणि टू-सी अशा तीन गटांत येतात. त्यांचे प्रातिनिधिक वायू अनुक्रमे प्रोपेन, इथिलीन आणि हायड्रोजन. प्रोपेन पेटवायला सुमारे ०.२५ मिलिज्यूलची ठिणगी लागते, हायड्रोजनला सुमारे ०.०२ मिलिज्यूलही पुरते. आयपीए, ॲसिटोन, मिथेनॉल आणि टोल्युइन टू-ए मध्ये येतात. पण त्याच आवारात हायड्रोजनेशनचा रिॲक्टर असेल तर त्या भागात टू-ए किंवा साधं टू-बी उपकरण चालणार नाही.

याच वेळी वाफ हवेपेक्षा जड की हलकी तेही लिहून ठेवा. आयपीएची वाफ हवेच्या दुपटीहून थोडी जड असते, ती केबल ट्रेंचमध्ये आणि संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, साचते. हायड्रोजन छताखाली जमतो. डिटेक्टर कुठे लावायचा ते यावरूनच ठरतं.

पायरी दुसरी: जागा ओळखा

स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असतं तो झोन ०, नेहमीच्या कामकाजात अधूनमधून तयार होऊ शकतं तो झोन १, आणि सहसा होत नाही, झालंच तर थोडा वेळ टिकतं तो झोन २. आपल्या टाकीचा आतला भाग झोन ०, व्हेंटच्या, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाभोवतीचा भाग झोन १, त्यापलीकडचा पट्टा झोन २. पट्ट्यात जमिनीखाली खड्डा किंवा ट्रेंच असेल तर तिथे वाफ साचते, म्हणून तो कडक झोनमध्ये धरतात. भारतात या वर्गीकरणासाठी आयएस ५५७२ (इथे आयएस म्हणजे इंडियन स्टँडर्ड) हे मानक वापरतात.

पावडरसाठी झोन २०, २१, २२ आणि ग्रुप थ्री असतो. औषध कारखान्यात हा भाग दुर्लक्षित राहतो असं मला वाटतं. फ्लुइड बेड ड्रायरमध्ये पावडर आणि सॉल्व्हंटची वाफ एकत्र असते, तिथे दोन्ही प्रमाणपत्रं तपासावी लागतात. वायूसाठी मंजूर झालेलं उपकरण धुळीलाही चालेल असं गृहीत धरू नका.

झोन इन्स्ट्रुमेंटवाल्याने एकट्याने ठरवायचा नसतो. प्रोसेस, सुरक्षा आणि विद्युत विभाग मिळून एरिया क्लासिफिकेशन ड्रॉइंग करतात. तुमचं काम म्हणजे त्या ड्रॉइंगची ताजी प्रत हातात ठेवणं, आणि नवीन व्हेंट किंवा पंप बसला असेल तर ड्रॉइंगमध्ये तो आला आहे का ते विचारणं.

पायरी तिसरी: संरक्षणाचा प्रकार निवडा आणि प्लेट वाचा

संरक्षणाच्या अनेक पद्धती आहेत, पण त्यांच्यामागच्या कल्पना तीनच: स्फोट झाला तर तो पेटीतच कोंडायचा, ठिणगी आणि वाफ यांची गाठच पडू द्यायची नाही, किंवा ठिणगीत पेटवण्याइतकी ऊर्जाच ठेवायची नाही.

कोंडण्याची पद्धत म्हणजे एक्स डी, आपल्याकडे सगळे 'एफएलपी' (फ्लेमप्रूफ) म्हणतात ती. आत स्फोट झाला तरी जाड कवच टिकतं. झाकण आणि पेटी यांच्यामधल्या यंत्राने घासून केलेल्या अरुंद फटीतून, म्हणजे फ्लेम पाथमधून, बाहेर पडेपर्यंत ज्वाला थंड होते. संरक्षणाचा सगळा भार त्या फटीवर आहे. म्हणून फ्लेम पाथवर रंग लावायचा नाही, एमरी पेपर घासायचा नाही. गंज धरू नये म्हणून निर्मात्याने सांगितलेलं, न सुकणारं ग्रीस लावायचं. मुरगाव आणि झुआरीनगरच्या खाऱ्या हवेत हे ग्रीस दरवर्षी तपासावंच लागतं. एक बोल्ट जरी कमी असला तरी ती पेटी एफएलपी राहत नाही. रिकाम्या केबल एंट्रीला प्लास्टिकची टोपी चालत नाही, प्रमाणित स्टॉपिंग प्लगच हवा. फटीसमोर भिंत किंवा पाइप फार जवळ नको: टू-ए साठी १०, टू-बी साठी ३०, टू-सी साठी ४० मिलिमीटर अंतर सोडा. आणि वीज चालू असताना झाकण उघडलं की त्या क्षणी संरक्षण संपलं.

गाठ न पडू देण्याच्या पद्धतींमध्ये एक्स ई महत्त्वाची. नेहमीच्या कामात ठिणगी पडणारच नाही अशा दर्जाची टर्मिनल्स आणि अंतरं तिच्यात असतात; जंक्शन बॉक्स बहुधा याच प्रकारचे. एक्स पी मध्ये पॅनेलमध्ये स्वच्छ हवेचा दाब ठेवतात, एक्स एम मध्ये सोलेनॉइडची कॉइल रेझिनमध्ये बंद करतात.

ऊर्जा मर्यादित ठेवण्याची पद्धत म्हणजे एक्स आय, अर्थात 'आयएस' (इंट्रिन्सिक सेफ्टी). तिचे तीन स्तर: आयए मध्ये दोन बिघाड एकदम झाले तरी ठिणगी पेटवू शकत नाही, म्हणून ते झोन ० पर्यंत चालतं. आयबी एका बिघाडापर्यंत सुरक्षित, झोन १ पर्यंत. आयसी फक्त नेहमीच्या स्थितीत सुरक्षित, झोन २ पुरतं.

आता प्लेट वाचू. 'एक्स आयए टू-सी टी४ जीए'. एक्स म्हणजे स्फोटसंरक्षित, आयए हा प्रकार, टू-सी पर्यंतचे सगळे वायू चालतात, पृष्ठभाग १३५ अंशांपुढे जात नाही, आणि जीए म्हणजे झोन ० ला पुरेल इतका संरक्षण स्तर. जीबी असेल तर झोन १, जीसी असेल तर झोन २. टाकीच्या आत डोकावणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरला जीए हवा. अशा ट्रान्समीटरवर कधीकधी 'जीए/जीबी' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे टाकीतला भाग झोन ० साठी आणि बाहेरची डोकी झोन १ साठी.

प्लेटवर आणखी तीन गोष्टी शोधा. एक, सभोवतालचं तापमान. काहीच लिहिलेलं नसेल तर उणे २० ते ४० अंश धरायचं असतं. गोव्यात हवा क्वचितच ४० वर जाते, पण मे महिन्यात गच्चीवर भर उन्हात असलेल्या पेटीची स्थिती वेगळी असते. तिथे ६० अंशांपर्यंत मंजूर असलेलं उपकरण आणि वर सनशेड, दोन्ही द्या. सभोवतालचं तापमान वाढलं की त्याच उपकरणाचा टी क्लास बदलू शकतो, ते प्रमाणपत्रात दिलेलं असतं. दोन, प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी 'X' हे एकच इंग्रजी अक्षर असेल तर वापराला विशेष अटी आहेत. त्या प्रमाणपत्रातच वाचायला मिळतात, प्लेटवर नसतात. तीन, आयपी क्रमांक. धूळ आणि पाणी अडवण्याचा हा दर्जा आहे, फक्त त्यावरून स्फोटसंरक्षण ठरत नाही. आयपी ६६ ची साधी पेटी झोन १ मध्ये बेकायदा आहे आणि धोकादायकही.

पेट्रोलियम नियमांखाली येणाऱ्या जागेत बसणाऱ्या उपकरणाला पेसोची, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची, मान्यता लागते. या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशी प्रमाणपत्र असलं तरी पेसोचं मान्यतापत्र खरेदीच्या वेळीच मागून घ्या.

पायरी चौथी: तार समजून घ्या

चार ते वीस मिलिअँपच्या जुन्या पद्धतीत एका तारजोडीवर एक उपकरण आणि एक मोजमाप. हार्ट या संदेशपद्धतीने त्याच प्रवाहावर १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर चढवले आणि उपकरणाची माहितीही मिळू लागली. फील्डबसमध्ये मात्र एका तारजोडीवर अनेक उपकरणं राहतात, तिच्यातूनच वीज घेतात आणि तिच्यावरूनच अंकांत बोलतात.

प्रोसेस उद्योगात दोन नावं भेटतात: फाउंडेशन फील्डबस एच१ आणि प्रोफिबस पीए. दोन्हींचा भौतिक थर एकच आहे: आयईसी ६११५८-२, वेग ३१.२५ किलोबिट प्रति सेकंद, उपकरणाला ९ ते ३२ व्होल्ट. वेग मुद्दाम कमी ठेवला आहे, कारण लांब केबल आणि तिच्यातूनच वीजपुरवठा, दोन्ही साधायचं आहे.

सेगमेंट म्हणजे एका पुरवठ्यावरची पूर्ण तारव्यवस्था. ट्रंक ही तिची मुख्य केबल, स्पर म्हणजे ट्रंकपासून उपकरणापर्यंतचा फाटा. टाइप ए केबलवर ट्रंक आणि सगळे स्पर मिळून १९०० मीटर चालतात. सेगमेंटवर १२ पर्यंत उपकरणं असतील तर प्रत्येक स्पर १२० मीटरपर्यंत नेता येतो. उपकरणं वाढली की स्पर आखूड करावा लागतो. टाइप ए म्हणजे ०.८ चौरस मिलिमीटरची, शील्ड असलेली पिळाची जोडी. जाण्यायेण्याचा मिळून रोध किलोमीटरला ४४ ओहम. हा आकडा पुढे लागणार आहे.

पॉवर कंडिशनर का लागतो? साधा २४ व्होल्टचा पुरवठा व्होल्टेज स्थिर ठेवण्याच्या प्रयत्नात तारेवरचा सिग्नलही दाबून टाकतो. कंडिशनर वीज जाऊ देतो आणि सिग्नलला पुरवठ्यापासून वेगळं ठेवतो.

टर्मिनेटर म्हणजे १०० ओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत. ट्रंकच्या दोन टोकांना एकेक, एकूण दोनच. त्याची दोन कामं: टोकावरून सिग्नल परतू न देणं आणि प्रवाहातला बदल व्होल्टेजच्या रूपात दाखवणं. उपकरण बोलताना प्रवाह सुमारे १५ ते २० मिलिअँपने वरखाली करतं. दोन टर्मिनेटर समांतर म्हणजे ५० ओहम, म्हणून तारेवर ०.७५ ते १ व्होल्टचा सिग्नल दिसतो. बिघाड शोधताना ही आकडेमोड सोन्यासारखी आहे. चुकून तिसरा टर्मिनेटर चालू राहिला तर रोध ३३ ओहमवर येतो आणि सिग्नल ०.५ ते ०.६७ व्होल्टपर्यंत घसरतो. एक टर्मिनेटर निघाला तर सिग्नल फुगतो आणि त्याचा आकार बिघडतो. जंक्शन बॉक्समधला टर्मिनेटरचा स्विच आधी पाहा, उपकरण बदलण्याचा विचार नंतर करा.

फाउंडेशन फील्डबसमध्ये कोणी कधी बोलायचं ते लिंक ॲक्टिव्ह शेड्युलर, म्हणजे एलएएस ठरवतो. सगळी ठरलेली मोजमापं आणि नियंत्रणाची गणितं एकदा पूर्ण व्हायला लागणारा वेळ म्हणजे मॅक्रोसायकल. इथे पीआयडी ब्लॉक, म्हणजे नियंत्रणाचं गणित, व्हॉल्व्हच्या पोझिशनरमध्येच (व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणाऱ्या उपकरणात) चालू शकतो, त्यामुळे कंट्रोलरशी संपर्क तुटला तरी लूप चालू राहू शकतो. प्रोफिबस पीएमध्ये मास्टर एकेका उपकरणाला विचारत जातो. नियंत्रण मास्टरकडे असतं आणि प्रोफिबसच्याच वेगवान डीपी प्रकाराशी जोडायला कपलर लागतो. नवं पीए उपकरण १२६ या पत्त्यावर येतं, तो बदलल्याशिवाय ते कामाला लागत नाही. सॉफ्टवेअरला उपकरणाची ओळख करून देणारी फाइल फाउंडेशनमध्ये डीडी, प्रोफिबसमध्ये जीएसडी.

पायरी पाचवी: दोन्ही हिशोब एकत्र मांडा

आयएसच्या जुन्या पद्धतीला एंटिटी म्हणतात. बॅरियर, म्हणजे धोक्याच्या जागेत जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारं उपकरण, जास्तीत जास्त किती व्होल्टेज, प्रवाह आणि शक्ती देऊ शकतो, आणि उपकरण किती सोसू शकतं, याची जोडीजोडीने तुलना करायची. पुरवठ्याचे आकडे उपकरणाच्या आकड्यांपेक्षा कमी किंवा समान हवेत. कपॅसिटन्स आणि इंडक्टन्सचं उलट: उपकरण आणि केबल यांची बेरीज बॅरियरने परवानगी दिलेल्या मर्यादेत हवी. केबलमध्येही ऊर्जा साठते, हे इथे विसरलं जातं. एका उपकरणाला ही पद्धत ठीक आहे, पण सेगमेंटवर दहा उपकरणं आणि शेकडो मीटर केबल आली की हिशोब अवघड होतो आणि हाती येणारा प्रवाह तुटपुंजा ठरतो.

यावर जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय प्रयोगशाळेने प्रयोग करून फिस्को ही पद्धत मांडली. ठराविक मर्यादेतली केबल, एकच पुरवठा, फिस्को प्रमाणित उपकरणं, दोन ठराविक टर्मिनेटर, टू-सी मध्ये एकूण १००० मीटर आणि स्पर ६० मीटरपर्यंत. एवढं पाळलं की केबलच्या ऊर्जेचा वेगळा हिशोब करावा लागत नाही. प्रमाणपत्रं जुळवून पाहिली की झालं.

आपल्या टाकीवर लावून पाहू. समजा टू-सी साठीचा फिस्को पुरवठा १३ व्होल्ट आणि १०० मिलिअँप देतो. पाच ट्रान्समीटर, प्रत्येकी १५ मिलिअँप, म्हणजे ७५. एखादं उपकरण बिघडून जास्त प्रवाह ओढू लागलं तर त्यासाठी ९ मिलिअँप राखून ठेवू: एकूण ८४. केबल ३०० मीटर म्हणजे १३.२ ओहम. ८४ मिलिअँपला व्होल्टेजची घट सुमारे १.१ व्होल्ट, म्हणजे टोकाला ११.९ व्होल्ट. ९ च्या मानाने भरपूर. पण सहावा ट्रान्समीटर जोडला की प्रवाह ९९ वर जातो आणि पुढे वाढवायला काहीच उरत नाही. व्होल्टेज शिल्लक असताना प्रवाह संपतो, ही ऊर्जेवरच्या बंधनाची किंमत आहे.

उपकरणं जास्त असतील तर हाय पॉवर ट्रंक घेतात. ट्रंकवर ऊर्जेचं बंधन नाही. समजा ३० व्होल्ट आणि ५०० मिलिअँपचा पुरवठा. ट्रंक एक्स ई पद्धतीने जोडतात, आणि झोन १ मधला फील्ड बॅरियर प्रत्येक स्परला आयए करून देतो. ३५० मिलिअँप प्रवाह धरला तर त्याच ३०० मीटरवर घट ४.६ व्होल्ट, फील्ड बॅरियरला २५.४ व्होल्ट मिळतात. बॅरियरला स्वतःला लागणारं किमान व्होल्टेज ९ पेक्षा बरंच जास्त असतं, ते डेटाशीटवरून तपासा.

नव्या प्रकल्पाला मी हाय पॉवर ट्रंकच सुचवीन, पण एका अटीवर. स्परवर चालू स्थितीत काम करता येतं, ट्रंकवर नाही, हा फरक प्रत्येक शिफ्टच्या माणसाला कळलेला असला पाहिजे. एकाच पेटीत निळी टर्मिनल्स आयएसची आणि बाजूची ट्रंकची असतात. त्यांच्यात किमान ५० मिलिमीटर अंतर किंवा मधे विभाजक हवा, आणि ट्रंकच्या टर्मिनल्सवर वेगळं झाकण.

पायरी सहावी: पावसाळ्याआधीची तपासणी

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. फील्डबसचे बरेच त्रास जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरण्यातून येतात, असं मी खात्रीने सांगेन. मे महिन्यात प्रत्येक पेटीचं गॅस्केट, ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारा जोड) आणि ड्रेन प्लग पाहा. केबल पेटीत शक्यतो खालून किंवा बाजूने घ्या आणि ग्लँडआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून जातं.

शील्ड एकाच टोकाला, बहुधा कंट्रोल रूमच्या पॅनेलमध्ये, अर्थ करायचं. उपकरणाच्या बाजूला ते कापून इन्सुलेट करा. ओल्या पेटीत ते नकळत पेटीला टेकलं की आवारातले अर्थचे प्रवाह त्यातून वाहू लागतात आणि दळणवळण अधूनमधून तुटतं, विशेषतः पंप सुरू होताना.

झेनर बॅरियर (जादा ऊर्जा अर्थिंगमध्ये सोडणारे) असतील तर त्यांच्या बसबारपासून मुख्य अर्थिंगपर्यंतचा रोध १ ओहमच्या आत हवा. जमिनीचा रोध वेगळा. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात तो बराच वाढतो, म्हणून अर्थ पिटची मोजणी मे मध्येच करा. ऑगस्टमधला चांगला आकडा फसवा असतो. दोन्ही बाजूंची सर्किटं एकमेकांपासून तोडून ठेवणाऱ्या गॅल्व्हॅनिक आयसोलेटरला हे खास अर्थिंग लागत नाही, आणि पर्याय असेल तर मी तोच घेईन.

उपकरणं जोडलेल्या सेगमेंटवर मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा टेस्टर) कधीही लावू नका. धोक्याच्या जागेत साधा मल्टिमीटर किंवा लॅपटॉपही नाही: आयएस प्रमाणित टेस्टर, नाहीतर गॅस तपासून घेतलेला हॉट वर्क परमिट. मोजताना चार आकडे लिहून ठेवा: सर्वांत दूरच्या उपकरणाचं व्होल्टेज, सेगमेंटचा एकूण प्रवाह, प्रत्येक उपकरणाच्या सिग्नलची पातळी आणि नॉइज. नॉइज ७५ मिलिव्होल्टच्या आत हवा. पुढच्या वर्षी याच आकड्यांशी तुलना करून पेटी उघडण्याआधीच बिघाडाचा अंदाज येतो.

पुढे येणारं: इथरनेट-एपीएल

२०२१ मध्ये इथरनेट-एपीएल बाजारात आलं. दोन तारांवरच १० मेगाबिट प्रति सेकंद, ट्रंक १००० मीटर, स्पर २०० मीटरपर्यंत. त्यातल्या आयएस भागाला टू-वाइज म्हणतात. फिस्कोसारखीच प्रमाणपत्रं जुळवण्याची सोपी पद्धत. शेड्युलर आणि मॅक्रोसायकलची चिंता इथे मागे पडते, पण झोन, ग्रुप आणि टी क्लास तसेच राहतात. एपीएल फील्डबसच्या टाइप ए केबलवर चालेल असंच बनवलं आहे. तेव्हा आज नवीन केबल टाकत असाल तर टाइप ए केबलच टाका, आणि ड्रममधून कापतानाच प्रत्येक तुकड्याची लांबी लूप ड्रॉइंगवर लिहा.